प्रयोगाच्या वाफ्याचं नुकसान कुणी सोसायचं?

बांधकरी:
काल इथं कुणीतरी लिहिलं की शेतकऱ्याला संशोधनात घेतलं की शिस्त जाते, त्यानं फक्त शिफारस पाळावी. डोकंच फिरलं वाचून. भाताची एसआरआय, म्हणजे कोवळी रोपं एकेक करून लांब लांब लावायची पद्धत, मग कुठून आली? १९८३ साली मादागास्करमध्ये पावसाच्या गडबडीत जेमतेम १५ दिवसांची रोपं लावावी लागली, ती फुटव्यांनी भरली, आणि शेतकऱ्यांच्यात राहणाऱ्या लोलानिए या धर्मगुरूनं ते नीट बघितलं. शिफारस पाळत बसले असते तर?

प्रयोगवही:
ती पोस्ट माझी. लोलानिए शेतीच शिकलेला होता, ते तुम्ही गाळलंत. आणि एसआरआयच्या उत्पादनाच्या मोठ्या आकड्यांवर वाद अजून चालूच आहे. शेजारी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी प्रयोगाविना ठेवलेला वाफा, नसेल तर वाढ पद्धतीची की पावसाची, कसं सांगणार? माझ्या प्रयोगात शेतकऱ्यानं रात्रीत कंट्रोलवरपण फवारा मारला, दोन वर्षांचं काम पाण्यात.

बांधकरी:
मारणारच! तुमचं काम गेलं, त्याचं पीक गेलं असतं. मी चार वाफे दिले होते, खोडकिडीनं कंट्रोलमधल्या लोंब्या पांढऱ्याफटक, ओढली की हातात यायची. साहेबांनी मोजल्या, फोटो काढले, गेले. भरपाईचं नाव नाही, अहवालात मी 'सहभागी शेतकरी क्र. ७'.

मधला माणूस:
साहेबांच्या त्या गाडीत मागं बसणारा, शेतकरी नि संशोधक यांच्या मधला मी, शिव्या पण मीच खातो. इंडोनेशियात १९८६ ला भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली, १९८९ पासून शेतीशाळा, शेतकरी दर आठवड्याला चुडात वाकून तुडतुडे किती कोळी किती मोजायचे, कागदावर चित्र काढायचे आणि मग ठरवायचे. फवारणीनं कोळी मरतात नि तुडतुडे वाढतात हे त्यांनी स्वतः बघितलं म्हणून पटलं, माझ्या भाषणानं नसतं पटलं. पण मला वरून विचारतात काय, तर शाळा किती घेतल्या. कुणाला काय सापडलं हे आजवर एकानं विचारलेलं नाही!

प्रयोगवही:
विषय भरकटतोय. भरपाईला बजेटमध्ये शीर्षच नसतं.

बांधकरी:
नसतं म्हणजे तुम्ही कुणी लिहिलं नाही. खताला आहे, गाडीला आहे, पाटीला आहे, फक्त ज्याचं पीक जातं त्याला नाही.

प्रयोगवही:
बरं, हे मान्य करावं लागतंय. पुढच्या प्रस्तावात कंट्रोलचं नुकसान टाकतो, अहवालात नावपण. पण रात्रीची फवारणी मला अजिबात मान्य नाही, निदान सकाळी सांगा.

बांधकरी:
सांगू. पण वाफे कुठं पाडायचे, काय तपासायचं हे आधी बसून ठरवा, पाट्या रोवून झाल्यावर नको.