साताऱ्याच्या काकांच्या नावाने मला कोणीतरी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) विकली, १८,५०० गेले. आता काय करू?

नाशिकची_नाणेवाली

नमस्कार नाणी जमवणारी मंडळी, लिहायला लाज वाटतेय पण लिहिते, कारण आपल्यातले अजून दोघंतिघं तरी यात अडकलेत असा संशय आहे.

आपले साताऱ्याचे काका सगळ्यांना माहितीच आहेत, नाव मुद्दाम टाकत नाही. त्यांच्या नावाने परवा रात्री साडेनऊला मेसेंजरवर मेसेज आला. तोच डीपी, गडावरचा पगडीवाला, ४३ म्युच्युअल फ्रेंड्स. "माझे जुने अकाउंट लॉक झाले आहे, हे नवीन आहे" असं म्हणाले. मी पण म्हणलं असेल, काकांचा पासवर्ड दर दोन महिन्यांनी हरवतोच. मग म्हणाले की घरात आजारपण आहे, थोडी नाणी काढतोय, ग्रुपवर टाकलं तर झुंबड उडेल म्हणून आधी तुला विचारतोय. आणि फोटो पाठवले. दोन चांदवडी रुपये (चांदवडच्या टाकसाळीतले चांदीचे) आणि ती शिवराई. ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल मी कुठल्या शिवराईबद्दल बोलतेय, ती सगळीकडून बिंदूंची किनार दिसणारी. एरवी शिवराईचा ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठेतरी "श्री" कापलेला नायतर "छत्र" अर्धं. ही पूर्ण. शेजारी कॅरमची काळी सोंगटी ठेवलेली, काका मापासाठी नेहमी ठेवतात तशी, खाली तोच निळ्या चौकड्यांचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ. सोंगटी बघितली आणि माझी शंकाच संपली.

तिन्हीचे मिळून १८,५०० सांगितले. स्वस्त होतं हे मलाही कळत होतं पण आजारपण म्हणल्यावर घासाघीस कोण करणार, उलट मलाच वाईट वाटलं. यूपीआय टाकला तर स्क्रीनवर भलतंच नाव आलं. विचारलं तर म्हणाले भाच्याचं खातं आहे, माझं हॉस्पिटलच्या गडबडीत चालत नाहीये. तरी मी पाठवले. दहा मिनिटांनी "अजून एक होन आहे, ३०,००० पाठवा" असा मेसेज आला (होन म्हणजे शिवकालीन सोन्याचं नाणं) तेव्हा कुठे पोटात गोळा आला, कारण काकांकडे होन असता तर तो त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला दाखवला असता. काकांना फोन लावला. ते जेवून शतपावली करत होते. घरात सगळे ठणठणीत.

ही परवा रात्रीची गोष्ट, आता दीड दिवस झाला. काय करू, पैसे येतात का परत?

टाकसाळ_तुळशीबाग

ताई, हे वाचताय तेवढ्यात १९३० ला फोन लावा. धागा नंतर वाचा.

लागत नसेल तर लावत राहा, आणि तोपर्यंत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरायला घ्या. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, तो यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत मिळेल. तुमची तक्रार सिस्टीममधून थेट ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते, आणि त्या खात्यात जे काही शिल्लक असेल ते अडकवून ठेवतात. हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवून एटीएममधून काढतात, म्हणून पहिले तास महत्त्वाचे. दीड दिवस उशीरच झालाय, पण लावा. तुमच्या बँकेलाही कळवा, लेखी.

आणि चॅट डिलीट करू नका. रागात लोक आधी ब्लॉक करतात मग स्क्रीनशॉट शोधत बसतात. त्या खोट्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, नुसतं नाव उपयोगाचं नाही, कारण त्या नावाचे खरे काकाच आहेत.

रोखठोक_कोल्हापुरी

राग मानू नका ताई पण स्क्रीनवर दुसरं नाव दिसत असताना पैसे पाठवले म्हणजे काय म्हणायचं आता. बँकेत नोंदलेलं नाव दाखवतात ते कशासाठी, शोभेला? स्वस्तात मिळतंय म्हणलं की आपल्या लोकांचं डोकं गहाण पडतंय.

नाशिकची_नाणेवाली

@टाकसाळ लावला, चौथ्यांदा लागला. तक्रार क्रमांक मिळालाय. थँक्यू, खरंच.

@रोखठोक दादा मान्य. पण तुम्हीच सांगा, मागच्या दिवाळीत तुमच्याकडून अंकुशी रुपया घेतला तेव्हा पैसे वहिनींच्या नंबरवर टाकायला सांगितले होते ना?

रोखठोक_कोल्हापुरी

हां ते झालं होतं खरं. गप बसतो.

जुनाबाजार_रविवार

ताईंनी वर्मावर बोट ठेवलंय बघा. आपण सगळे असंच करतो. बायकोचा नंबर, मुलाचा नंबर, दुकानातल्या पोराचा क्यूआर. ग्रुपचा नियम काय, तर पहिला "क्लेम" लिहील त्याचं. दोन मिनिटं विचार केला की नाणं गेलं. आणि एवढ्या जुन्या माणसाकडे "काका खरे तुम्हीच का" असं विचारायचं म्हणजे अपमान केल्यासारखं. चोराला फार हुशार असायची गरजच नाही, घाई आणि भिडस्तपणा दोन्ही आपणच शिकवून ठेवलाय.

मला आठवतंय, आधी हे लोक विकणाऱ्यांना गंडवायचे. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना दहा लाख देतो, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे आणि टॅक्सचे भरा, सोबत रिझर्व्ह बँकेचं बनावट पत्र. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की आम्ही जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात नाही आणि कसलं कमिशन मागत नाही. पण ते आपल्याला लागू नव्हतं, आपण हसायचो, पाच रुपयाचं नाणं दहा लाखाला कोण घेतं म्हणून. आता तेच लोक (किंवा त्यांचे भाऊबंद) आपली भाषा शिकून आलेत.

तेवढी पण नीट शिकले नाहीत म्हणा. ताई, मेसेजची भाषा काय होती? काका कधी "कॉइन" म्हणतात का?

नाशिकची_नाणेवाली

आत्ता परत वाचलं. "माझ्याकडे तीन कॉइन्स आहेत, आपण इच्छुक असाल तर त्वरित कळवा". काका मला आयुष्यात कधी "आपण" म्हणाले नाहीत. "काय गं पोरी, जिवंत आहेस का" इथून सुरुवात असते त्यांची. डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही, मी फोटोच बघत बसले.

मी कडेचा फोटो पण मागितला होता, ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेलं बनावट आहे का बघायला, साच्याची शिवण दिसते का म्हणून. तर म्हणाला "कोणत्या कडे?" मला वाटलं टायपो.

मडगावचो_पोर्तुगीज_पैसा

मी गोव्याचा, इंडो-पोर्तुगीज नाणी जमवतो, माझी दुसऱ्या बाजूची गोष्ट ऐका. माझ्या नावाने मागच्या वर्षी चार जणांना लुटलं, आणि ते खोटं प्रोफाइल नव्हतं, माझंच व्हॉट्सॲप होतं.

कुरिअरवाला बोलतोय म्हणून फोन आला, तुमचं पार्सल अडकलंय, एक कोड डायल करा म्हणजे डिलिव्हरी बॉयशी जोडतो. मी खरंच कोलकात्याहून एका पार्सलची वाट बघत होतो त्यामुळे केलं. स्टार चारशे एक स्टार आणि पुढे त्याचा दहा आकडी नंबर. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड असतो हे मला नंतर कळलं. माझे कॉल त्याच्याकडे जायला लागले, त्याने व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड फोन कॉलवर मागवला आणि माझं अकाउंट त्याच्या फोनवर. त्यात सगळे ग्रुप, आणि त्यानंतर येणारे सगळे मेसेज. एकाने तर मी तीन महिन्यांपूर्वी "दिसलं तर तुझ्यासाठी ठेवतो" म्हणालेल्या रुपिया नाण्याची आठवण काढली, तर नेमकं तेच त्याला विकलं. नंबर माझा, जुनं चॅट वर दिसतंय, कोण संशय घेणार?

लोकांचे पैसे मी घेतले नाहीत पण तोंड माझंच काळं झालं. एकजण अजून बोलत नाही माझ्याशी. मी त्याला दोष देत नाही.

तर आजच करा: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा, तो पिन असता तर नुसत्या कोडवर त्याचं काम झालं नसतं. कॉल फॉरवर्ड झालेत अशी शंका आली तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल करा, सगळे फॉरवर्ड बंद होतात. आणि नाव ओळखीचं, नंबर ओळखीचा असला तरी पैशाची गोष्ट निघाली की व्हिडिओ कॉल. साधा कॉल नाही, तो माझ्या केसमध्ये त्यालाच गेला असता.

वऱ्हाडी_दमडी

व्हिडिओ कॉलवर नाणं हातात घेऊन फिरवून दाखवायला सांगा ना बावा, कड पण दिसते अन् माणूस पण दिसते. आम्ही अकोल्याचे चारपाच जण आता हेच करतो. आधी चिठ्ठीवर नाव-तारीख लिहून नाण्यासोबत फोटो मागायचो, पण आता तसा फोटो बनवून देते ते एआय, चिठ्ठी काय अन् सोंगटी काय. शिवाय काकांच्या सोंगटीवाल्या फोटोंचा अल्बम चार वर्षांपासून पब्लिक आहे, तिथून कोणीही उचलन.

अजून एक, फ्रेंड लिस्ट लपवा भाऊ. फेसबुकवर ओन्ली मी करा. चोराला आधी यादीच लागते, कोणाला मेसेज करायचा याची. यादी नाही तर तो बसते डोकं खाजवत.

पेठेतला_वकील

तक्रार १९३० वर झाली म्हणजे झालं असं समजू नका, स्टेशनला जाऊन त्याचा पाठपुरावा करा. मी एका अशिलाबरोबर गेलो होतो तिथे "हा तुमचा आपसातला खरेदी-विक्रीचा मामला आहे" असं ऐकून घ्यावं लागलं. तसं नाहीये. दुसऱ्याचं नाव-फोटो वापरून ऑनलाइन फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६डी खाली गुन्हा, दुसऱ्याचा पासवर्ड वगैरे ओळखीची साधनं वापरली तर ६६सी, दोन्हीत तीन वर्षांपर्यंत कैद. भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरी करून फसवणुकीचं कलम ३१९ आहे. कलम सांगितलं की पेन उचललं जातं, असा अनुभव.

पैशाचं खरं सांगतो. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर बँक भरून देते, आणि तुमची-बँकेची चूक नसताना तुमच्या नकळत गेले तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यावर भरून देते, तो रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम. पण इथे पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे त्यावर विसंबू नका. समोरच्या खात्यात जे अडकलं असेल तेवढंच, आणि तेही सुटायला कधीकधी कोर्टाचा आदेश लागू शकतो. वेळ जाईल.

काकांनीही स्वतंत्र तक्रार द्यावी. त्यांचं नाव वापरलं गेलंय, उद्या कोणी त्यांच्याच दारात आला तर कागद हातात असलेला बरा.

नाशिकची_नाणेवाली

अपडेट. खात्यात ६,२०० अडकवलेत असं कळलं, बाकीचे त्याच रात्री पुढे गेलेले. स्टेशनला जाऊन आले, ३१९ म्हणलं तर साहेबांनी वर बघितलं 😀 अर्ज घेतला.

काकांचं खोटं प्रोफाइल आम्ही वीसेक जणांनी रिपोर्ट केलं, "मित्राच्या नावाने वावरतोय" हा पर्याय निवडून. संध्याकाळपर्यंत उडालं. त्याच्याकडून गंडलेले अजून दोघं निघाले, एकाने तर घरी सांगितलेलं नाही म्हणून तक्रारच करत नाही म्हणतोय. त्याने इथे वाचलं तर प्लीज कर रे बाबा, तुझे आणि माझे पैसे एकाच खात्यात गेलेत.

आणि हे पोस्ट केल्यापासून मला दोन मेसेज आलेत, "मॅडम मी एथिकल हॅकर आहे, तुमचे पैसे २४ तासात परत आणतो, फी फक्त २,०००".

टाकसाळ_तुळशीबाग

येणारच. गेलेल्या पैशांच्या मागे अजून पैसे नेणारी ही दुसरी टोळी, कधीकधी तीच. उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

ॲडमिन, ग्रुपवर नियम लावा राव: विक्री फक्त ग्रुपवरच्या पोस्टमधून, पैसे विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, आणि क्लेम केल्यावर पैसे द्यायला एक दिवस. वहिनींचे नंबर बंद.

रोखठोक_कोल्हापुरी

एक दिवस कशाला, गिऱ्हाईक पळतंय तेवढ्यात. बारा तास ठेवा. वहिनींचा नंबर बंद, मान्य.

जुनाबाजार_रविवार

काकांशी बोललो आत्ता. कालपासून सत्तावीस फोन आलेत म्हणे, सगळे "काका खरे तुम्हीच का" विचारायला. सत्ताविसाव्याला म्हणाले, "नाही, मी माझा भाचा."

मिरजेचा_नवखा

सगळं वाचलं, पिन लावला, लिस्ट लपवली. फक्त एक शंका, ती पूर्ण किनारवाली शिवराई काका खरंच कधी विकणार आहेत का?

जुनाबाजार_रविवार

नाही. ते पण विचारून झालं.