मीठ नको, ओला हात पुरे

अंगणातले बेडूक घालवायला मीठ टाका, असं काही जण सुचवतात. कृपा करून असं करू नका. बेडूक पाणी कातडीतून शोषतो, श्वासही बराचसा तिथूनच घेतो. मीठ पडलं की अंगातलं पाणी ओढलं जाऊन तो तडफडून मरतो.

उचलावाच लागला तर हात साध्या पाण्याने ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर निघतो. सॅनिटायझर किंवा डासांचं मलम लावलेला हात तर अजिबात नको, कारण ते थेट त्याच्या अंगात भिनतं.

पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपत बसणारा, खडबडीत कातडीचा असतो तो भेक. त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथी दाबू नका, त्यातून पांढरं विष येतं. ते डोळ्यात गेलं तर चांगलीच आग होते. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस यायला लागला, तर तोंड धुवून लगेच पशुवैद्याकडे न्या.

बेडकाला लांबच्या तळ्यावर नेऊ नका, रोगही सोबत जातात. कुंपणाकडेच्या ओल्या सावलीत सोडा आणि मग हात साबणाने धुवा. मुलांचेही, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.