फायनलच्या पैजेतलं ते बक्षीस आधी काढा

बी-२०४ काका: काल रात्री पोरांच्या ग्रुपवर पडलेला मेसेज सकाळी आमच्या मुलानं दाखवला. फायनलला प्रत्येकी पन्नास काढायचे, स्कोर बरोबर सांगेल त्याला एक पुडी. पुडी कशाची ते सगळ्यांना कळतंय, गांजाची. मी एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीय म्हणून इथं मोठ्या ग्रुपवर लिहितोय, नाव कुणाचं घेत नाही.

ए-४०३ दादा: काका पोरांची गंमत आहे ओ. विकतंय कोण, मित्रामित्रातलं बक्षीस.

बी-२०४ काका: तिथंच तर फसतात सगळे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्याच्या कलम २० ला विकायलाच पाहिजे असं काही नाही, जवळ ठेवलं, डिकीत घालून आणलं तरी गुन्हा. म्हणजे आणणारा पण गेला आणि जिंकून खिशात घालणारा पण. आणि पुडी वर्गणीतून आली तर कलम २९ लागू शकतं, कट आणि मदत, मग ज्यानं ठरवून पन्नास दिले आणि पैज हरला, पुडी डोळ्यानं बघितली पण नाही, तो पोरगा सुद्धा आरोपी.

ए-४०३ दादा: पण एक किलोपर्यंत चालतंय म्हणतात ना

बी-२०४ काका: चालत नाही रे बाबा! गांजा १ किलोपर्यंत स्मॉल क्वांटिटी, म्हणजे कमी प्रमाण, धरतात एवढंच. १ वर्षापर्यंत सक्तमजुरी नाहीतर १० हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्याच्या वर १० वर्षांपर्यंत जातंय, आणि २० किलोच्या वर गेलं की कमीत कमी १० वर्षं. चरसला तर स्मॉलची हद्द १०० ग्रॅमच.

सी-१०२ वहिनी: मग शिवरात्रीची भांग?

बी-२०४ काका: नुसती पानं असतील तर ती या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत वहिनी, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात भांग येते. तेव्हा भांगेचं बघून गांजाला सूट मिळत नाही.

डी-३०१ ताई: माझा भाऊ कॅनडात आहे, तिकडं २०१८ पासून दुकानात मिळतंय.

बी-२०४ काका: मिळतंय ना, मोठ्या माणसाला ३० ग्रॅम जवळ बाळगता पण येतंय. पण तिथनं देशाबाहेर न्यायला त्यांचाच कायदा बंदी घालतो. आपण सोलापुरात राहतो, टोरांटोत नाही.

सेक्रेटरी: काका, फायनल बघायला गच्चीवर पडदा लावायची परवानगी मी दिलीय. मला काही होईल का?

बी-२०४ काका: कलम २५ वाचा. जागा ज्याच्या ताब्यात त्यानं माहीत असून असलं काही होऊ दिलं तर त्याला पण तीच शिक्षा. आता ग्रुपवर आलंय, मला माहीत नव्हतं कसं म्हणणार? आणि मेसेज डिलीट करून उपयोग नाही, स्क्रीनशॉट दहा फोनमध्ये गेलेत.

सी-१०२ वहिनी: नुसती पैशांची पैज लावली तर?

बी-२०४ काका: त्याला १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, आणि १८७२ च्या करार कायद्यात पैजेचा करारच रद्द, जिंकलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत. पण ती गोष्ट वेगळी, पुडीची वेगळी. एक सांगतो. पुडीच्या केसमधल्या एका पोराची आई कोर्टाच्या बाकावर बसायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पेपरात बांधून आणायची, पोराला आत द्यायला. तारीख पडली की तशीच घेऊन परत जायची. कागदाला तेलाचा डाग पडलेला असायचा. पुडीचं वजन करून लाखेचं सील मारलं, लॅबचा सीए रिपोर्ट, म्हणजे पुडीतल्या मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला वेळ लागला, तोवर पोराची पोलीस भरतीची तारीख निघून गेली. पंच म्हणून सही केलेला शेजारीसुद्धा त्या घरी परत कधी चहाला गेला नाही.

ए-१०५ मावशी: काका, एखाद्याला सवयच लागली असेल तर काय करायचं ओ? विचारते नुसतं.

बी-२०४ काका: मावशी बरं विचारलंत. कलम ६४अ आहे. स्मॉल क्वांटिटीत सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो म्हणाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. खरं म्हणजे केस व्हायच्या आधीच डॉक्टरकडं न्यावं. मी येतो बरोबर, सिव्हिलला न्यायचं तरी सांगा.

ए-४०३ दादा: पोरांशी बोललो. पुडी काढली, जिंकेल त्याला पार्क चौपाटीवर सगळे मिळून खायला घालणार. वर्गणी परत.

बी-२०४ काका: बरं केलंस. ज्यानं ती आणायची कबूल केली होती त्यानं संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये यावं, मी एकटाच असेन. घरच्यांना सांगणार नाही. आधीच आणली असेल तर सोसायटीत कुणाच्या हातात देऊ नको, माझ्या पण नाही, वकिलाशी कसं बोलायचं ते मी सांगतो.