एलेन बेरची डायरी: शेजाऱ्यांना दोष द्यायचा की नाही?

रामबागवाली: आमच्या इंदूरच्या वाचन गटात एलेन बेरची डायरी झाली, तेव्हापासून डोकं ठणकतंय. पॅरिसची ज्यू मुलगी, २१ वर्षांची, सोर्बोन विद्यापीठात इंग्रजी शिकणारी, व्हायोलिन वाजवणारी. एप्रिल १९४२ ला लिहायला लागली, मार्च १९४४ ला अटक, आणि बर्गन-बेल्सन ही नाझींची छळछावणी मुक्त व्हायच्या जेमतेम काही दिवस आधी तिथेच वारली. माझं म्हणणं, पॅरिस ताब्यात घेतलेल्या जर्मनांनी केलं ते केलंच, पण आजूबाजूचे लोक इतक्या सहज बाजूला झाले, ते का सोडून द्यायचं? जून ४२ पासून ज्यूंना ओळख म्हणून कपड्यावर पिवळा तारा लावायची सक्ती, माणशी तीन, वर त्यासाठी कपड्याच्या रेशनमधला एक पॉइंट कापायचे! मेट्रोत त्यांना फक्त शेवटचा डबा. जुलैपासून खरेदी फक्त दुपारी तीन ते चार. रेशनच्या दिवसांत त्या वेळेला दुकानात काय उरत असेल हे सकाळी रांग लावणाऱ्या बायकांना कळत नव्हतं का?

स्नेहलतागंजकर: ताई, नाही पटलं. रस्त्यावर परकं सैन्य बसलेलं असताना साध्या माणसानं काय करायचं? तीच लिहिते ना, अनोळखी लोक तारा बघून मुद्दाम हसून बघायचे, धीर द्यायचे. फ्रान्समधून ७५ हजारांच्या आसपास ज्यू छावण्यांत नेले, भयंकरच आहे, पण जवळजवळ तीन चतुर्थांश वाचले, ते कुणीतरी दार उघडलं म्हणूनच ना.

रामबागवाली: काका, हसण्यानं कुणाचं पोट भरतं? आणि १६-१७ जुलैला पॅरिसमध्ये १३ हजार लोक उचलले, त्यात चार हजारांवर पोरं, ते उचलणारे फ्रेंच पोलीस होते. बाहेर देशातून आलेले गरीब ज्यू आधी गेले, ओळखीपाळखीवाले मागे राहिले.

माळव्यातला: ओळखीवालेही कुठे सुटले? तिचे वडील मोठ्या केमिकल कंपनीत वरच्या हुद्द्यावर, त्यांना जूनमध्येच पकडलं, का तर तारा कोटाला नीट शिवलेला नव्हता, टिचबटणांनी लावला होता! कंपनीने पैसे भरून सोडवलं, म्हणजे सोबतचे लोक धडपडले की. आणि घरी स्वयंपाक करणाऱ्या बाई, एलेन लिहिलेली पानं त्यांच्याकडे देत गेली, त्यांनी ती जपली, युद्धानंतर पोचवली, म्हणून तर २००८ ला छापून आली. सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

रामबागवाली: त्या बाईंना जमलं म्हणूनच तर बाकीच्यांना विचारते मी.

स्नेहलतागंजकर: विचारा, पण ऑक्टोबर ४३ ची पानं धरून विचारा. तिथे तिचं मोठं दुःख हेच आहे की शेजारच्यांना हे माहीतच नाही, त्यांना कल्पनाच येत नाही, म्हणून आपण लिहिलं पाहिजे. ती त्यांना शत्रू म्हणत नाही, मग आपण इथे बसून का म्हणायचं?

रामबागवाली: ती मनाने मोठी होती म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही काका. रविवारी तीच पानं मोठ्याने वाचूया, मग बोलू.