‘संदेश छान आहे’ म्हणजे नेमकं काय छान आहे?

परवा घरात ‘फाइंडिंग निमो’ (२००३), म्हणजे पकडल्या गेलेल्या निमो या छोट्या माशाला शोधत निघालेल्या त्याच्या बापाचा ॲनिमेशनपट, कितव्यांदा तरी लागला आणि संपल्यासंपल्या वाद सुरू झाला. बहीण म्हणाली, “काय सुंदर संदेश आहे, मुलांवर विश्वास टाका.” तिचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, “नाही काही! बाबांचं ऐकायचं असतं. निमोनं ऐकलं नाही म्हणून पकडला गेला ना?” आणि आई आतून ओरडली, “अरे, कार्टूनात कसला आलाय बोध?”

तिघांपैकी कोणालाच खोडून काढता येईना. मग वाटलं, आधी शब्दच तपासावेत. संदेश, बोध, तात्पर्य, शिकवण, आशय हे आपण एकाच्या जागी दुसरा असे खुशाल वापरतो. तसे वापरावेत का? जाणकारांनी सांगावं. (वेगवेगळ्या वाचकांचे प्रतिसाद खाली एकामागून एक.)

* * *

संदेशापासून सुरुवात करतो. सम् + दिश्. दिश् म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, उपदेश, निर्देश ही सगळी त्याच घरातली भावंडं. संदेशाचा मूळ अर्थ निरोप. ‘मेघदूता’तला यक्ष मेघाजवळ धाडतो तो खरा संदेश: पाठवणारा ठरलेला, घेणारी ठरलेली, पत्ता अलकानगरीचा.

म्हणजे सिनेमात ‘संदेश’ आहे म्हटलं की पहिला प्रश्न, कोणाला? तुमच्या घरी झालं ते एवढंच. एकच पाकीट बहिणीनं पालकांच्या नावचं म्हणून फोडलं आणि भाच्यानं मुलांच्या नावचं म्हणून. सहकुटुंब बघायच्या सिनेमाची गंमत (आणि गोची) हीच, की त्याच्या पाकिटावर नाव नसतं.

‘सामाजिक संदेश’ हा प्रयोग मला तरी इंग्रजीतल्या ‘मेसेज’ची सावली वाटतो. पण आता रुळलाय, त्याला हाकलण्यात अर्थ नाही.

* * *

तात्पर्यावर अन्याय नको. आपल्याला ते गोष्टीच्या शेवटी येणाऱ्या एका ओळीपुरतंच माहीत: कोल्हा, द्राक्षं, आणि खाली ठळक अक्षरात ‘तात्पर्य’. पण शब्द मोठा आहे. तत्पर, म्हणजे ‘त्याकडे लागलेला’, त्यावरून तात्पर्य. न्यायशास्त्रात (म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, कायद्यात नव्हे) तात्पर्य म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते. तिथलं ठरलेलं उदाहरण सैंधवाचं. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेला माणूस “सैंधव आण” म्हणाला तर घोडा आणायचा नाही. प्रसंग बघून तात्पर्य ठरवायचं.

भाच्यानं प्रसंग अर्धाच पाहिलाय असं माझं म्हणणं. निमो बोटीकडे जातो त्याच्या आधी काय होतं? बाप मित्रांसमोर त्याला सुनावतो की तुला वाटतं तुला जमेल, पण तुला जमत नाही. त्यानंतर तो चिडून उघड्या पाण्यात शिरतो. ‘ऐकलं नाही म्हणून पकडला’ हे खरं, पण का ऐकलं नाही हे गाळलं की सैंधवाच्या जागी घोडा येतो.

* * *

आठ वर्षांच्या मुलावर न्यायशास्त्र सोडू नका हो.

* * *

मला यातला सगळ्यात आवडता शब्द ‘आशय’. आ + शी, म्हणजे पहुडणं. जिथे काही वसतं ती जागा. जलाशय, गर्भाशय, आमाशय. पाणी जलाशयात असतं, पण ‘पाण्याचं तात्पर्य’ जलाशयाच्या तळाशी लिहिलेलं नसतं.

याच सिनेमात पाहा. सुरुवातीला बॅराकुडा हा शिकारी मासा येतो, निमोची आई आणि अंडी जातात, एकच अंडं उरतं. त्यालाही तडा गेलेला. नंतर शाळेच्या पहिल्या दिवशी बाप समुद्रफुलातल्या घरातून बाहेर डोकावतो, आत येतो, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मुलं हसतात. मीही पहिल्या वेळी हसलो. दुसऱ्यांदा पाहताना हसू आलं नाही, कारण तोवर माझ्या घरी पाळण्यात एक जण आला होता आणि मी रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते बघत होतो. हा ‘संदेश’ नाही, कोणी मला काही कळवलं नव्हतं. ‘बोध’ही म्हणवत नाही. ते तिथे आधीपासून पहुडलेलं होतं, मला दिसलं नव्हतं एवढंच.

आणि व्हेलच्या पोटातला प्रसंग. बाप म्हणतो, मी त्याला वचन दिलं होतं, तुला कधीच काही होऊ देणार नाही. शोधात त्याच्या सोबत असलेली डोरी मासोळी गोंधळते. काहीच होऊ दिलं नाही तर त्याच्या आयुष्यात काही होणारच नाही, अशा अर्थाचं ती बोलते. ती विसराळू आहे, तिला आपण शहाणपण सांगतोय याचा पत्ताही नाही. म्हणून ते वाक्य उपदेश होत नाही.

* * *

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजनं सांगताना ‘कान्तासम्मित’, म्हणजे प्रियेसारखा, उपदेश म्हटलाय. टीकाकार त्याची फोड करतात: वेद प्रभूसारखे हुकूम करतात, इतिहास-पुराणं मित्रासारखी समजावतात, आणि काव्य कांतेसारखं गोडीगुलाबीनं मन वळवतं. म्हणजे अकराव्या शतकातला हा माणूस उपदेश नकोच असं म्हणत नाही, फक्त तो कोणत्या आवाजात करावा ते सांगतो. मुलांचे बरेच ॲनिमेशनपट शेवटच्या दहा मिनिटांत कांतेचा आवाज सोडून प्रभूचा लावतात. एखादं पात्र थांबतं, संगीत हळू होतं आणि “आज मला कळलं की…” सुरू होतं. तिथे मी उठून पाणी प्यायला जातो.

* * *

आईंची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेते. त्यांचा आक्षेप ‘कार्टून’ शब्दात आहे. हा इटालियन ‘कार्तोने’वरून आला, म्हणजे जाड कागद. भिंतीवरच्या चित्राचा कच्चा आराखडा ज्यावर काढत तो. विनोदी चित्र हा अर्थ १८४३ पासूनचा, लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकातून रूढ झालेला. मराठीत त्याचं ‘व्यंगचित्र’ झालं आणि कार्टून म्हणजे हसण्यापुरतं हे पक्कं झालं. उलट ‘ॲनिमेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘आनिमा’ आहे, श्वास किंवा प्राण. आईंनी ‘ॲनिमेशनपट’ म्हटलं असतं तर ‘कसला आलाय बोध’ इतक्या सहज तोंडात आलं नसतं, अशी मला दाट शंका आहे.

जाता जाता: व्यंग आणि व्यंग्य यांत गल्लत करू नका. व्यंग म्हणजे उणीव, शरीरातली खोट. व्यंग्य म्हणजे व्यंजनेनं सुचवलेला, न बोलता कळणारा अर्थ. एका ‘य’चा फरक आहे, पण त्यात अख्खा ध्वनिसिद्धान्त (सुचवलेला अर्थ हाच काव्याचा आत्मा, हा विचार) बसलाय.

* * *

आणि ‘बाळबोध’? त्यात बोध आहेच की. लहान मुलांनाही सहज कळावी अशी लिपी, म्हणजे देवनागरी, तिला बाळबोध म्हणत. तेव्हा त्यात कमीपणा नव्हता. आता ‘कथानक बाळबोध आहे’ म्हटलं की तिकिटाचे पैसे वाया. बालिश, बालसुलभ, बाळबोध यांवर वेगळी चर्चा काढा कोणीतरी.

* * *

सगळ्यांचे आभार. ‘आशय’ आणि ‘संदेश’ यांतला फरक पटला, यापुढे जपून वापरेन. आईला ‘आनिमा’ सांगितलं. ती म्हणाली, बरं.

भाच्याला मात्र पुन्हा विचारलं, या वेळी ‘काय शिकलास’ असं न विचारता ‘काय आठवतं’ असं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “निमोचा एक पर छोटा असतो ना, तो शेवटपर्यंत छोटाच राहतो. कोणी मोठा करत नाही.” आणि खेळायला पळाला.

व्यंग आणि व्यंग्य दोन्ही एका वाक्यात आली. वरच्या पाचांपैकी याला कोणता शब्द लावू?