घर सांभाळून? लाटणे मोर्चातल्या आयांच्या आठवणी

आई गेली तेव्हा ९४ वर्षांची होती. शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास आले, ‘घर सांभाळून त्यांनी एवढे समाजकार्य केले.’ मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि दर वेळी मनात एकच प्रश्न येत होता की घर सांभाळत होते कोण?

१९७२ साली मी ११ वर्षांची होते. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि माझ्या पाठीवर दोन भावंडे होती. राज्यात दुष्काळ पडला होता, साखर, तेल, रवा, रॉकेल यांच्यासाठी रेशनच्या दुकानापुढे पहाटेपासून रांगा लागत, आणि रांगेत तीन तास काढल्यावर ‘माल संपला’ हे दोन शब्द ऐकून बायका घरी परतत. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतल्या कार्यकर्त्या एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तिच्या मोर्चांत बायका हातात लाटणे घेऊन उतरत, म्हणून त्यांना लाटणे मोर्चा म्हणत. आई कोणत्याच पक्षात नव्हती. तिला हिशेब चांगला येत असे आणि दुकानदाराशी बोलताना तिचा आवाज कापत नसे, एवढ्या दोन गुणांवर मजल्यावरच्या बायकांनी तिला पुढे केले, आणि पुढे केलेली आई पुढची चाळीस वर्षे मागे आली नाही.

तिचे पहिले आंदोलन कोणत्याही मोर्चात झाले नाही. ते रेशनच्या दुकानात झाले. रॉकेलच्या एक लिटरच्या मापाला तळाशी पोचा होता. तो आपोआप पडलेला नव्हता हे सगळ्यांना माहीत होते, पण बोलणार कोण? आईने घरून आरेच्या दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन काचेच्या बाटल्या नेल्या, दूध जिथवर येते तिथवर त्या नळाच्या पाण्याने भरल्या आणि दुकानदार ‘अहो बाई, काय करता’ म्हणेपर्यंत दोन्ही बाटल्या त्या मापात ओतल्या. दुसरी बाटली पुरती रिकामी होण्याआधीच पाणी फळीवरून खाली वाहू लागले. आई काहीही बोलली नाही. बाटलीत उरलेले पाणी तिने रांगेतल्या बायकांना दिसेल असे उंच धरले. दुसऱ्या आठवड्यात माप बदलले.

हे सारे खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मात्र त्याच सकाळी धाकट्याला ताप होता, त्याच्या कपाळावर मीठपाण्याच्या घड्या मी ठेवत होते, आणि माझी शाळा बुडाली होती, हेही खरे आहे. पुढे मोर्चाच्या प्रत्येक दिवशी आई पोळपाटाशेजारचे लाटणे उचलून पिशवीत घाली, आणि जाताना सांगे, ‘भाताला उकळी आली की स्टोव्ह बारीक कर.’ लाटणे तिच्याबरोबर गेल्यामुळे त्या दिवशी पोळ्या होत नसत. आम्ही भावंडे मोर्चाचे दिवस भातावरून ओळखत असू.

ज्यांच्या आया, सासवा किंवा आज्या त्या काळात वस्तीचे काम करत होत्या आणि ज्यांना दीर्घ आयुष्य लाभले, त्यांच्या घरच्यांनी येथे जरूर लिहावे. विनंती एवढीच की ‘घर सांभाळून’ हे शब्द वापरायचे असतील तर घर कोणी सांभाळले तेही लिहावे.

लालबागहून, धाकटा मुलगा

ताई, आपला प्रश्न आमच्या घरात उद्भवलाच नसता, कारण आमच्याकडे घर आणि काम या दोन गोष्टी कधी निराळ्या नव्हत्या. आई खानावळ चालवत असे. गावाकडून एकटे आलेले चौदा गिरणी कामगार दोन्ही वेळ आमच्याकडे जेवत, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण त्यांची जेवणे आटोपल्यावर उरलेल्या जागेत राहत असू. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. त्याआधी आई दर महिन्याला वाण्याकडून उधारीवर किराणा आणत असे आणि वाणी लावील तो भाव मुकाट्याने मान्य करत असे. मंडळामुळे तिला पहिल्यांदा बँकेचे कर्ज मिळाले. कर्जाच्या कागदावर तिने सही केली, अंगठा लावला नाही, हे ती नव्वदी ओलांडल्यावरही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार एकदम थांबले. आमच्या चौदांपैकी सहा जण गावी निघून गेले, आठ राहिले आणि आठांपैकी एकाकडेही द्यायला पैसे नव्हते. आईने गल्लीतल्या नऊ खानावळवाल्या बायकांना आमच्या खोलीत बोलावले आणि जेवण बंद करायचे की नाही हे ठरवायला रात्रभर बैठक चालली. मी पोटमाळ्यावर झोपेचे सोंग घेऊन ऐकत होतो. एक बाई म्हणाली, ‘आपली पोरं उपाशी ठेवून यांना घालायचं का?’ आई बराच वेळ गप्प होती. मग तिने ठरवले की एक वेळचे जेवण चालू ठेवायचे, डाळ पातळ करायची आणि प्रत्येकाच्या नावावर थकबाकी मांडून ठेवायची.

ती थकबाकी पुष्कळांनी फेडलीच नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, माणसे पांगली. अनेक वर्षांनी, २००४ च्या सुमारास, कोकणातून एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी आईपुढे एक पाकीट ठेवले. आईने वही काढली, त्यांचे पान शोधले, आकडा पाहिला आणि जास्तीचे पैसे मोजून परत केले. त्यांना फार वाईट वाटले. मला वाटते, तिने ते ठेवून घ्यायला हवे होते, पण तिच्या हिशेबात दानाला जागा नव्हती.

गोरेगावहून

मूळ लेखिकेचा सूर मला थोडा कडू वाटला, म्हणून आमच्या घरची बाजू मांडतो. आमच्या आईने खरोखरच घर सांभाळून काम केले, कारण तिने वडिलांना कामाला लावले. मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव ज्या पाण्याच्या लढ्यांमुळे मिळाले, त्यांत आई आमच्या वाडीतल्या बायका घेऊन रिकाम्या हंड्यांसह जात असे. त्या दिवशी वडील अर्धी रजा काढत. त्यांच्या भाकऱ्या जाड होत, कडा फाटलेल्या असत, आणि कचेरीतले सहकारी त्यांची यथेच्छ चेष्टा करत. १९७७ साली मृणालताई लोकसभेवर निवडून गेल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही इंदिरा गांधींच्या पराभवावरची घोषणा आमच्या वाडीत वडिलांनीच सर्वांत मोठ्याने दिली होती. सभेत सत्कार मात्र नेहमी आईचा झाला आणि वडिलांच्या भाकऱ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. म्हणजे ताई, आपला प्रश्न योग्यच आहे. उत्तर तेवढे प्रत्येक घरात वेगळे आहे.

ठाण्याहून, सून

मी सासूबाईंच्या तरुणपणाबद्दल ऐकीव माहितीच देऊ शकते, कारण मी घरात आले तेव्हा त्या साठीच्या होत्या. त्या ८९ व्या वर्षी गेल्या. मोर्चे केव्हाच थांबले होते, समितीतल्या मैत्रिणी एकेक करून जात होत्या, तरी मापात मारलेले त्यांना अखेरपर्यंत खपले नाही.

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे एक लोखंडी ताणकाटा टांगलेला आहे. गॅसचा सिलिंडर आला की सासूबाई तो आणणाऱ्या मुलाला पाणी देत, बसवत, आणि मग त्याच्याच हातून सिलिंडर काट्याला लावून उचलायला सांगत. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवायचे आणि काट्याशी ताडून पाहायचे, ही बेरीज त्या तोंडी करत. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखे होई, कारण शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत. एकदा दीड किलो कमी भरला. त्यांनी त्या मुलावर आवाज चढवला नाही, ‘तुला यातलं काय मिळतं?’ एवढेच विचारले आणि तक्रार एजन्सीकडे नेली. महिन्याभरात इमारतीतल्या बाराही घरांचे सिलिंडर आमच्या दारात येऊन तोलले जाऊ लागले आणि ते उचलून धरायचे काम माझ्या नवऱ्याकडे लागले. त्याची पाठ त्या वर्षापासून दुखते.

घरात सासूबाई प्रेमळ होत्या का, असे कोणी विचारले तर मी जरा थांबते. मायेने जवळ घेणे त्यांना जमत नसे. माझे पहिले बाळंतपण झाले तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या बिलातल्या तीन चुका काढून दिल्या. ती त्यांची माया होती, हे मला उशिरा कळले.

पुण्याहून

मी हे लिहावे की नाही याचा पुष्कळ विचार केला. आणीबाणीत माझी आई येरवड्याच्या तुरुंगात होती. अहिल्याताई, प्रमिलाताई यांच्यासारख्या नेत्याही त्या काळात तेथे होत्या, आणि त्यांच्याबरोबर माझ्या आईसारख्या, ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत अशा बायका होत्या. मी सहा वर्षांची होते. मला मावशीकडे ठेवले होते, आणि आई सुटून आली तेव्हा मी मावशीच्या पदरामागे लपले. त्या दिवसाची आठवण काढून नातेवाईक हसत असत. आई कधी हसली नाही.

मी तिला पूर्ण क्षमा केली असे म्हणणार नाही. देशासाठी गेली, लोकशाहीसाठी गेली, हे मला चाळिशीत समजले, सहाव्या वर्षी समजणे शक्य नव्हते. तिनेही कधी सफाई दिली नाही. आम्हा दोघींमध्ये तो विषय एखाद्या जड पेटीसारखा पडून राहिला, आम्ही तिच्या बाजूने वाट काढून ये-जा करत राहिलो.

शेवटची चार वर्षे तिची स्मृती गेली होती. माझे नाव तिला आठवत नसे. मात्र रोज संध्याकाळी दिवे लागले की ती अस्वस्थ होई, खाटेवर उठून बसे आणि विचारी, ‘गिनती झाली का?’ मग घरात असतील तेवढ्या सर्वांना तिच्यासमोर उभे राहावे लागे, मी, माझा नवरा, मुलगी, कामाच्या मावशी. ती बोट दाखवून एक, दोन, तीन, चार असे मोजत असे. माझ्यापाशी बोट आले की थोडे थांबे. मग पुढे जाई.

पुन्हा गिरगावहून, मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. गोरेगावच्या बंधूंनी माझा सूर कडू म्हटला, तो होताच. मात्र हे प्रतिसाद वाचता वाचता परवा मी आईची ट्रंक उघडली. खानावळीच्या वहीबद्दल वाचले तेव्हाच आमच्याकडेही अशी एक वही असल्याचे आठवले होते. ती सापडली. १९७३ सालची आहे, ६२ बिऱ्हाडांच्या नावापुढे दर आठवड्याला रेशनवर काय मिळाले आणि काय मिळाले नाही याची नोंद आहे. याच वहीच्या आधारे आई अधिकाऱ्यांशी भांडत असे.

अक्षर तिचे असेल असे मी धरून चालले होते. पहिली चार पाने तिची आहेत. पाचव्या पानापासून शेवटपर्यंतचे गोल, रेघेच्या खाली उतरणारे अक्षर माझे आहे. मी संध्याकाळी मजल्यामजल्यावर फिरून ही माहिती विचारत असे, हे मी पन्नास वर्षांत पार विसरून गेले होते. मी सगळीकडे ‘साखर’ऐवजी ‘साकर’ लिहिले आहे. आईने एकाही ठिकाणी ते दुरुस्त केलेले नाही, बेरजा तेवढ्या तपासून प्रत्येक पानाखाली लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे.

एका नोंदीचा उलगडा होत नाही. दुसऱ्या मजल्याच्या यादीत, १४ नंबरच्या खोलीपुढे, आईच्या अक्षरात ‘रॉकेल आपल्यातले दिले, विचारू नये’ असे लिहिलेले आहे, आणि बिऱ्हाडाचे नाव खोडले आहे. त्या चाळीत तेव्हा राहणारे कोणी हे वाचत असेल आणि त्यांना काही ठाऊक असेल, तर त्यांनी कळवावे. अर्थात आईनेच ‘विचारू नये’ म्हटले आहे, तेव्हा कळवले नाही तरी चालेल.