एएची जवळची मीटिंग कशी शोधायची? पहिल्या दिवशी काय होतं?

प्रश्न
धाकट्या भावाने स्वतःहून एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, मीटिंगला जायची तयारी दाखवली आहे. रोज पितो. नेटवर शोधलं की व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिरातीच आधी येतात. मीटिंग कुठे, कधी भरते हे खात्रीने कसं कळेल? तिथे त्याला काय काय विचारतील? मी सोबत गेलो तर चालेल का?

प्रतिसाद १
'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे पूर्ण नाव आणि देशाचं नाव टाकून अधिकृत साइट शोधा. तिथे गावागावातल्या मीटिंगांची यादी आणि हेल्पलाइन मिळते. पण नुसती यादी बघून घराबाहेर पडू नका. जागा बदलते, सणासुदीला हॉल बंद असतो, आणि यादी सांभाळणारे सभासद नोकरीधंदा बघून हे काम करत असल्यामुळे जुनी माहिती बरेच दिवस तशीच राहते. बंद दारावरून परत फिरलेला माणूस दुसऱ्यांदा जायला तयार होईलच असं नाही, म्हणून आधी फोन करायचाच.

फोनवर विचारा: आज मीटिंग नक्की आहे ना, कोणत्या खोलीत, कोणत्या दाराने जायचं, कोणत्या भाषेत चालते, खुली (कुणालाही बसता येईल अशी) आहे की बंद (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी). खोली विसरू नका. सभासदांची ओळख गुप्त ठेवायची असल्यामुळे बाहेर मोठा फलक बहुधा नसतो आणि ग्रुपचं नाव इमारतीच्या नावापेक्षा वेगळं असतं. वॉचमनला ग्रुपचं नाव सांगितलं तर त्याला काही बोध होत नाही. नवा माणूस येतोय असं कळवलं तर बहुतेक ठिकाणी कुणीतरी दाराशी थांबतं.

शक्य असेल तर हा फोन भावालाच करू द्या. पिणाऱ्याचं तिथल्या सभासदाशी थेट बोलणं झालं की पुढचं सोपं जातं.

खरी एए ओळखायची एक खूण सांगतो. एएला फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सभासद स्वेच्छेने पैसे टाकतात. नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही. नावनोंदणीचे किंवा 'पॅकेज'चे पैसे मागितले तर ती एएची मीटिंग नाही.

प्रतिसाद २
खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं, त्यामुळे तुम्ही सोबत जाऊ शकता. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. पहिल्या वेळी खुलीच शोधा.

त्याला ओळखपत्र, आडनाव, पत्ता काही विचारत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये प्रश्न, सल्ला, वाद सहसा होत नाही. पाळी आली की "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी पुरतं. प्रार्थना होते, 'ईश्वर' हा शब्दही येतो, पण तो ज्याला जसा समजला तसा. श्रद्धा नसलेलेही तिथे असतात.

दहा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर लगेच निघू नका. खरं काम नंतरच्या चहाला होतं. दोन-तीन जणांचे नंबर त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये घ्यावेत. रात्री तलफ आली की पेला उचलायच्या आधी त्यातला एक नंबर लावायचा. नंबर घेतले आणि कधी लावलेच नाहीत, तर मीटिंगचा निम्मा उपयोग वाया जातो.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. कुठे फक्त अनुभव सांगतात, कुठे दारूपासून सुटण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांपैकी एक घेऊन बोलतात, कुठे वयस्क मंडळी जास्त, कुठे तरुण. निदान पाच-सहा वेगवेगळ्या ग्रुपना जाऊन बघावं.

प्रतिसाद ३
वर एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात तातडीची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एका दिवसात दारू तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप असं झालं तर जीवावर बेतू शकतं. आधी कधी फिट आली असेल तर धोका जास्त. फिट आली किंवा बरळायला लागला तर थेट रुग्णालय, वाट बघायची नाही.

मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो, औषध मिळत नाही. आधी डॉक्टरांना किती पितो ते खरं सांगा. ते औषधाखाली दारू उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात. मीटिंग त्याच्या जोडीला चालू राहू द्या. एखाद्या सभासदाने "गोळ्या बंद कर" म्हटलं तर ऐकू नका. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं एएचं साहित्यच सांगतं.

प्रश्नकर्ता
उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो. त्याला भीती आहे की तिथे ओळखीचं कुणी भेटेल. शिवाय कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी.

प्रतिसाद २
ओळखीचा भेटला तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि कोण आलं, काय बोललं हे बाहेर न्यायचं नाही हा तिथला दंडक आहे. तरीही अवघड वाटत असेल तर पहिल्या काही मीटिंग दुसऱ्या भागात कराव्यात.

पाळीसाठी ऑनलाइन मीटिंग आहेत, पहाटे आणि मध्यरात्रीही. आत जाण्याआधी स्क्रीनवरचं पूर्ण नाव बदलून फक्त पहिलं नाव ठेवा, कॅमेरा बंद चालतो. इअरफोन लावावा, म्हणजे इतरांचं बोलणं घरात कुणाच्या कानावर पडत नाही. मात्र आठवड्यातून एखादी तरी समोरासमोर होऊ द्या.

तुमच्यासाठी अल-अनॉन आहे. 1951 पासून ती पिणाऱ्यांच्या घरच्यांची वेगळी संघटना आहे. भाऊ गेला नाही किंवा मध्येच सोडलं, तरी तुम्ही जाऊ शकता.